नमस्कार का करायचा? हात जोडण्यामागचा अर्थ

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, नमस्कार.

हा शब्द मी सवयीने टाइप केला. प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला तो असतोच. या वेळी मात्र लेखच त्याच्यावर आहे, आणि तो लिहायला मला लावलं आमच्या तिसरीतल्या एका मुलीने.

सकाळी वर्गात पाऊल टाकलं की "न... म... स्ते... बा... ई" असा सूर लागतो. तुमच्याकडेही हाच लागत असणार. मी ज्या ज्या शाळेत गेले तिथे तो एकच ऐकलाय, मुलांना कोण शिकवतं देव जाणे! निम्मी मुलं हात जोडतात, काहींचा एक हात दप्तरात असतो, मागच्या रांगेतले नुसतं तोंड हलवतात. मी "बसा" म्हणते आणि हजेरीपट उघडते. झाला नमस्कार.

मागच्या वर्षी केंद्रप्रमुख साहेब शाळाभेटीला येणार होते. आदल्या दिवशी मी वर्गाची तालीम घेतली. साहेब आत आले की सगळ्यांनी एकदम उभं राहायचं, दोन्ही हात छातीजवळ जोडायचे, मान थोडी खाली. तीनदा करून घेतलं. तेवढ्यात पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आजचा पट विचारायला आत आल्या. मी आकडा सांगितला, त्या गेल्या. सगळी मुलं बसली, एक मुलगी उभीच राहिली.

"बाई, मावशी आल्या तेव्हा नाही का करायचा?"

मी म्हटलं, "अगं, त्या रोजच येतात."

ती म्हणाली, "तुम्ही पण रोजच येता."

वर्ग हसला, मीही हसले आणि वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर ते डोक्यातून जाईना. डी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकले, फळ्यावर तारीख कुठे लिहायची ते शिकले, पण नमस्काराचा पाठ कधी कुणी घेतला नव्हता. आपण मुलांना तो 'शिस्त' म्हणून शिकवतो. मुळात तो काय आहे, हे मलाच नीट सांगता आलं नसतं. म्हणून थोडं वाचलं, थोडं आमच्या गावातल्या एका वारकरी आजोबांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी शब्द बघू. 'नम्' हा संस्कृत धातू, अर्थ वाकणे. त्यापासून नमन, नम्र, विनम्र, प्रणाम. 'नमः' आणि 'कार' मिळून नमस्कार, म्हणजे वाकण्याची कृती. 'नमस्ते' मध्ये दोन शब्द आहेत, नमः आणि ते. 'ते' म्हणजे तुला. तुला नमन असो, एवढाच अर्थ. गंमत बघा, मराठीत आपल्याला तू, तुम्ही, आपण असे तीन दरवाजे आहेत आणि समोरचा कोण हे बघून आपण दार निवडतो. स्तोत्रांत देवाला उद्देशूनही 'नमस्ते' च येतं आणि आपण पाहुण्यालाही तेच म्हणतो. त्या छोट्या 'ते' मध्ये समोरच्याचं वय, पद, कपडे काहीच येत नाही.

व्याकरण शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. 'श्रीगणेशाय नमः', 'सरस्वत्यै नमः' ही रूपं मुलं पाठ म्हणतात. गणेशाय का, सरस्वत्यै का? संस्कृतात नमः शब्दाबरोबर चतुर्थी विभक्ती येते म्हणून. आपल्या मराठीतही स, ला, ते ही चतुर्थीच. एरवी ही देण्याची विभक्ती आहे: मुलाला खाऊ दिला, गाईला चारा दिला. मग नमस्कारात आपण काय देतो? हातात तर काहीच नसतं.

याचं उत्तर परंपरेने फार सुंदर दिलंय. प्रवचनकार नमः ची फोड 'न मम' अशी करतात, म्हणजे 'माझं नाही'. व्याकरणाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती धरता येणार नाही, शब्द 'नम्' पासूनच आला आहे. मुलांना सांगताना हा फरक जरूर सांगावा. पण भाव म्हणून ती खोटी नाही. यज्ञात आहुती टाकताना 'इदं न मम' म्हणतात, हे माझं नाही. नमस्कारात आहुती पडते ती आपल्या मीपणाची. मी हुशार, मी मोठा, मी बाई आणि तुम्ही मुलं. हे ओझं क्षणभर खाली ठेवायचं आणि मग समोरच्याकडे बघायचं.

आता हातांकडे येऊ. या मुद्रेला अंजली म्हणतात. आपला 'ओंजळ' हा शब्द या अंजलीवरूनच आला आहे. हे मी वर्गात करून घेतलं. आधी ओंजळ करा म्हटलं. सगळ्यांनी पाणी प्यायला करतात तशी केली. आता तीच ओंजळ हळूच मिटा, उभी करा आणि छातीजवळ आणा. झाला नमस्कार! एक मुलगा म्हणाला, "बाई, ओंजळीतलं आत राहिलं." मला वाटतं, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. तळवे एकमेकांवर दाबायचे नसतात, मध्ये थोडी पोकळी ठेवायची, असं योगाच्या वर्गात सांगतात ते यासाठीच असावं.

हात छातीजवळच का? कारण ईश्वर सर्व प्राण्यांच्या हृदयात राहतो, असं गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितलंय. अंगठे छातीला टेकतात, म्हणजे माझ्या आत जो आहे तिथे. बोटांची टोकं थोडी पुढे झुकतात, म्हणजे तुमच्या आत जो आहे तिकडे. मान खाली येते, म्हणजे डोकं हृदयासमोर वाकतं. डावा आणि उजवा, मी आणि तू, असे दोन वेगळे हात एक होतात. हे सगळं एका सेकंदात होतं, म्हणून तर ते कळत नाही.

इथे एक सांगते. नमस्काराचे 'शास्त्रीय फायदे' सांगणारे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. बोटांची टोकं दाबली गेली की डोळ्यांचे, कानांचे, मेंदूचे पॉइंट चालू होतात आणि समोरची व्यक्ती कायम लक्षात राहते, वगैरे. मी हे वर्गात सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नये असं मला वाटतं. ज्याला पुरावा नाही ते विज्ञान म्हणून मुलांना द्यायचं कशाला? आणि पॉइंट दाबण्यासाठीच हात जोडायचे असतील तर समोर माणूस नसला तरी चालेल की! २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष आणि ब्रिटनचे त्या वेळचे युवराज हात जोडताना टीव्हीवर दिसले. आपल्याला अभिमान वाटला, चांगलंच आहे. पण तेव्हा जगाने नमस्कारातलं अंतर घेतलं. जवळ येण्याचा त्यातला भाग घ्यायला काही साथीची गरज नव्हती.

भक्तीचे नऊ प्रकार आपण ऐकलेले असतात: श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन. यातली सहावी भक्ती वंदन, म्हणजे नमस्कार. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात या नऊ भक्ती एकेक समासात समजावल्या आहेत, त्यातला सहावा समास वंदनाचा. नमस्काराला पैसे लागत नाहीत, कष्ट लागत नाहीत, कसलं साहित्य लागत नाही, असं समर्थ तिथे सांगतात. फुलं नसतील, नैवेद्य नसेल, तरी हात आहेतच. आमच्या वस्तीवरच्या मुलांच्या संदर्भात मला हे फार मोलाचं वाटलं. ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही ही पूजा करता येते.

साष्टांग नमस्कार म्हणजे आठ अंगांनी केलेला. छाती, डोकं, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे. मुलं जमिनीवर लोटांगण घालतात, पण या यादीत मन आणि वाणीही आहे हे त्यांना (आणि आपल्यालाही) माहीत नसतं. अंग जमिनीवर आणि मन घड्याळात असेल तर ते आठ भरत नाहीत.

वाकणं म्हणजे दुबळेपणा, असं मोठ्या मुलांना वाटतं. विशेषतः सहावी-सातवीतल्या मुलग्यांना हात जोडायची लाज वाटते. त्यांच्यासाठी माझ्याकडे मारुती आहे. सातारा जिल्ह्यात चाफळला समर्थांनी राममंदिर स्थापन केलं. त्या मंदिरासमोर दास मारुती आहे, रामाकडे तोंड करून हात जोडून उभा. त्याच मंदिराच्या मागे प्रताप मारुती आहे, पराक्रमी. सहल चाफळला गेली तर दोन्ही दाखवा आणि विचारा, यातला खरा मारुती कोणता? मुलं खूप भांडतात. द्रोणागिरी उचलणारे हातच समोर जोडलेले असतात, हे कुणीतरी एक जण बोलतोच.

इथपर्यंत सोपं आहे. देवाला, गुरूला, आईवडिलांना नमस्कार करायला कुणाचीच हरकत नसते. खरा प्रश्न त्या मुलीने विचारला तो होता. मावशींना का नाही?

भागवताच्या अकराव्या स्कंधात, एकोणतिसाव्या अध्यायात श्रीकृष्ण उद्धवाला एक साधना सांगतात. आपलेच लोक हसतील, हसू देत. लाज सोडून दे आणि कुत्रा, गाय, गाढव, समाजाने ज्याला खालचा ठरवलंय तो माणूस, सगळ्यांना जमिनीवर दंडवत घाल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. गाढवाला दंडवत! आणि मग लक्षात आलं की याच अकराव्या स्कंधावर संत एकनाथांनी मराठीत टीका लिहिली आहे. तेच आपलं एकनाथी भागवत, १५७३ मध्ये काशीला पूर्ण झालेलं. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी करणारे नाथ आपण मुलांना गोष्टीत सांगतोच. आपण ती 'भूतदया' म्हणून सांगतो. पण त्यामागे हा अध्याय उभा आहे, हे मला माहीत नव्हतं. नाथांनी गाढवावर दया केली, त्याहून जास्त म्हणजे त्याच्यातल्या रामेश्वराला अभिषेक केला. ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायातही माउलींनी हेच सांगितलंय: जो प्राणी भेटेल त्याला भगवंत मानणं, हाच भक्तियोग.

म्हणजे नमस्काराचा अध्यात्मातला अर्थ पाहिला तर तो खालून वर जाणारा नाही. समोरच्यात जो आहे त्याला तो आहे, आणि तो सगळ्यांत सारखाच आहे.

वर सांगितलेले आजोबा दरवर्षी पायी वारीला जातात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आमच्यात कुठं मोठं-लहान? माळ दिसली की माउली." वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. पांढऱ्या दाढीचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतो आणि पोरगंही त्याच वेळी खाली वाकलेलं असतं. बरेचदा डोक्याला डोकं लागतं, असं आजोबा हसत सांगत होते. भजनात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हाही देणारा आणि घेणारा दोघं वाकतात. कुणाची वीणा, कुणाचं घर, कुणाची जात, कुणी विचारत नाही.

पण हे सांगताना दुसरी बाजू लपवू नये असं मला वाटतं, निदान मोठ्या वर्गांना शिकवताना. पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. आत जाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागितली असं परंपरा सांगते, आणि लोक त्या पायरीवर पाय न ठेवता तिला नमस्कार करून पुढे जातात. तिच्या समोरच संत चोखामेळा यांची समाधी आहे. चोखोबांना आत जाता येत नव्हतं. त्यांचा नमस्कार बाहेरूनच. चोखोबा गेले १३३८ मध्ये. त्यांच्या समाजाला मंदिराचं दार उघडावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं ते १९४७ च्या मे महिन्यात. मधली सहाशे वर्षं मोजा. ग्रंथात गाढवालाही दंडवत होता आणि दारात माणसाला मज्जाव होता. गावागावांत काही माणसांनी 'जोहार मायबाप' म्हणत वाकायचं आणि समोरच्याने साधे हातही जोडायचे नाहीत, ही रीत होती. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, म्हणजे आपल्यातलेच. त्यांनी हे सहन केलं नाही.

हे वाचल्यावर मला माझी तालीम आठवली. साहेबांना हात जोडायचे, मावशींना आकडा सांगायचा. आकार लहान, पण रीत तीच नव्हे का?

दुसऱ्या दिवसापासून मी एक बदल केला. मुलांनी नमस्ते म्हटलं की "बसा" म्हणण्याआधी मीही हात जोडून त्यांच्याकडे बघून नमस्ते म्हणते. पहिल्या दिवशी मुलं गोंधळली. दोघं-तिघं पुन्हा नमस्ते म्हणाली, त्यांना वाटलं आपलं चुकलं.

स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र टोकलं. "बाई, मोठ्यांनी लहानांना नमस्कार करू नये. लहानांचं आयुष्य कमी होतं." हे माझ्या आजीकडूनही मी ऐकलंय, तुम्हीही ऐकलं असेल. मी वाद घातला नाही, फक्त विचारलं, "सर, नवरात्रात तुमच्या घरी कुमारिका बोलावता ना? त्यांचे पाय कोण धुतं?" सहा-सात वर्षांच्या पोरींचे पाय घरातली आजी धुते, कुंकू लावते आणि नमस्कार करते. चौदाशे वर्षं जगले असं सांगतात त्या चांगदेवांनी गुरू केलं कुणाला? लहानग्या मुक्ताईला. लहानांना आशीर्वाद द्यावा, डोक्यावर हात ठेवावा, ही आपली रीत आहेच आणि ती गोड आहे. पण त्यांच्यासमोर हात जोडणंही परंपरेत आहे. सर म्हणाले, "बघू." अजून ते बघतच आहेत.

पालकांनाही एक विनंती. पाहुणे आले की "काकांना नमस्कार कर! कर ना! असं काय करतोस?" असं म्हणत मुलाची मान धरून वाकवू नका. तेव्हा मूल वाकत नाही, तुम्ही त्याला वाकवता. नमस्कारात मीपणा द्यायचा असतो आणि देणं जबरदस्तीने होत नाही. त्यापेक्षा तुम्ही स्वतः करा, मुलाच्या देखत करा. आणि फक्त काकांना नको. गॅस सिलेंडर घेऊन जिना चढून आलेल्या दादांना करा, घंटागाडीवरच्या ताईंना करा. मूल बघतं. चार-आठ दिवसांत आपणहून हात जोडेल, नाहीच जोडले तर हसेल, तेही चालेल.

आणि सगळ्या घरांतला नमस्कार एकच नसतो. माझ्या वर्गात "जय भीम, बाई" म्हणणारी मुलं आहेत, कपाळाशी हात नेऊन "सलाम" म्हणणारा एक आहे, एका मुलीच्या घरी "जय जिनेंद्र" म्हणतात. मी कुणालाच बदलायला सांगत नाही. जे येईल ते मी त्याच शब्दात परत करते. त्या सलामवाल्या मुलाला मी पहिल्यांदा सलाम केला तेव्हा तो इतका लाजला की बाकाखालीच गेला!

राहिली गोष्ट मावशींची. केंद्रप्रमुख साहेब येऊन गेल्यानंतरच्या सोमवारी त्या पट विचारायला आल्या आणि अठ्ठावीस मुलं एकदम उभी राहिली. मी काही सांगितलेलं नव्हतं. "न... म... स्ते... माव... शी!" मावशी आधी मागे वळून बघायला लागल्या, साहेब पुन्हा आले की काय! मग कळल्यावर पदर तोंडाला लावला. हाताला डाळीचं पाणी होतं. "खरकटं हाय वो बाई," म्हणाल्या आणि तळवे बाजूला ठेवून दोन्ही मनगटं एकमेकांना लावली, कपाळापर्यंत नेली.

त्या गेल्यावर वर्गात वाद सुरू झाला. तळवे जुळले नाहीत, मग तो नमस्कार धरायचा की नाही? आम्ही तर ओंजळ शिकलो होतो. निम्मी मुलं एका बाजूला, निम्मी दुसऱ्या बाजूला. प्रश्न विचारणारी ती मुलगी उठून मावशींनाच विचारून यायला निघाली होती, तिला मी मधल्या सुट्टीपर्यंत थांबवलं आणि हजेरी घेतली.